पन्नास मुठींचा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. वय तीन आठवडे, आणि काम केलं एकच दिवस. हसा बापडे, पण तेवढ्यात मी पार थकलो!

पेणच्या एका थ्रीडी प्रिंटरने चिकट रेझिनचे थरावर थर चढवून मला एका रात्रीत घडवलं आणि रोह्याला, अहमदचाचांच्या छोट्या कारखान्यात धाडलं. चाचांनी चाळीस वर्षं पोलादी साचे घडवलेले. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो लतिका, प्लास्टिकच्या साच्यात प्लास्टिक? हा टिकायचा नाय!"

लतिका तिथली डिझायनर. ती म्हणाली, "चाचा, पोलादाला महिना लागेल. गिऱ्हाइकाला आज पाचपर्यंत काठीच्या पन्नास मुठी हव्यात, तपासायला. पसंत पडल्या तर पोलादी साच्याचं काम आपलं. नायतर कारखान्याला कुलूपच."

मला चौकटीत बसवून मशीनवर चढवलं. तापलेलं प्लास्टिक पोटात शिरलं की जीव नकोसा व्हायचा. पहिली मूठ लतिकाने रिवाजाप्रमाणे फळीवरच्या गणपतीपुढे ठेवली. दर मुठीनंतर चाचा माझ्यावर हवा मारत आणि तसबीच्या जपमाळेचे शंभर मणी ओढत. "निवू दे गो त्याला." मणी संपेपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. त्या मण्यांवरच मी तग धरला.

खोक्यात एकोणपन्नास मुठी झाल्या. पाचला थोडाच वेळ उरला होता आणि चाचा नमाजाला गेले होते. लतिकाने घड्याळ पाहिलं आणि न थांबता बटण दाबलं. मी अजून गरमच होतो. कडकन तडकलो. मूठ वेडीवाकडी निघाली.

"चाचा, घाई केली मी. सगळं घालवलं," ती परतलेल्या चाचांना म्हणाली आणि रडू लागली.

चाचांनी माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "तुझ्या देवापुढे एक हाय ना? मी कसा हात लावू? तूच मागून घे."

लतिकाने हात जोडले आणि मूठ उचलली. पन्नास भरल्या!

मुठी पसंत पडल्या. पलीकडे चाचा पोलाद घासताहेत, माझा धाकटा भाऊ घडतोय. आणि फळीवरच्या त्या रिकाम्या जागी लतिकाने मला ठेवलंय.

मित्रांनो, यंत्र असो की घरातलं माणूस, कामावरून आलं की आधी निवू द्या. मला तरी दुसरं काय हवं होतं? आणखी शंभर मणी.