सावलीचं माप

पान कडेने आत वळलं होतं, इतकं की त्यात थेंबभर पाणी राहिलं असतं. त्याने ते अंगठ्याने सपाट केलं. अंगठा उचलला तसं ते पुन्हा मिटलं. टोक खाली झुकलेलं, देठ पिळवटलेला, रंग मात्र अजून हिरवाच... जाळाने मुळं भाजली की पानं आधी पिवळी होतात, हे सासऱ्यांना कळायला नको का, चाळीस वर्षं या झाडाखाली बसलेला माणूस — पण कळत नाही ते बरंच आहे. बरं आहे? त्याने पान शर्टाच्या खिशात घातलं, मग बाहेर काढलं, मग बुटाच्या टाचेने मातीत दाबून टाकलं, आणि आपण चोरासारखे वागतो आहोत हे ध्यानात येऊन उगाचच खाकरला. ऐकायला होती ती गुरंच, आणि त्यांना कुणाच्या खाकरण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

वर बघायचं नाही असं ठरवूनही त्याने वर पाहिलं. पश्चिमेकडच्या फांद्यांवर सगळीच पानं तशी. पंधरा दिवसांपूर्वी एकच फांदी होती. उन्हाळ्यात साठ जनावरं या एका झाडाखाली उभी राहतात, एकमेकांना ढुशा देत, कारण एवढ्या मोठ्या कुरणात दुसरी सावलीच नाही. हे गेलं तर नवं एवढं व्हायला जो काळ लागेल तो त्या घरातल्या कुणाकडेच नव्हता.

पंपाचे पट्टे खांद्यात रुतत होते. सोळा लिटर पाणी, त्यात मोजून निवडुंग मारायचं औषध, त्यात निळा रंग — कुठला निवडुंग फवारून झाला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून. तो उताराकडे चालू लागला. तिथे निवडुंगाचं बेट गवताला गिळत पसरलं होतं, कमरेएवढं, फड्यावर फडा चढलेला, आणि प्रत्येक फड्यावर काट्यांच्या खाली ती बारीक कुसळं, जी दिसत नाहीत आणि कातडीत शिरली की आठवडाभर निघत नाहीत. नोझल जवळ न्यायचं, फडा ओला होऊन चकाकला की थांबायचं, ओघळू द्यायचं नाही. एक बाजू, दुसरी बाजू, पुढचा. हे काम त्याला आवडायचं. खोटं कशाला बोला, या घरात त्याला आवडणारं हे एकच काम होतं, कारण हे त्याने आणलेलं होतं.

लग्नाआधी तो पडद्यांच्या दुकानात होता. लोकांच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, बोटभरही चूक नाही. मग लग्न झालं, दुकान बंद पडलं, आणि बायको म्हणाली, बाबा एकटेच आहेत, कुरण आहे, गुरं आहेत, जाऊ या. जाऊ या म्हणजे जाऊन राहू या. घरजावई हा शब्द तोंडावर कुणी उच्चारला नाही. आसपासचे गुरंवाले त्याला ‘पडदेवाला’ म्हणत, आणि सासरे ‘जावईबापू’. जावईबापू, बसा. जावईबापू, तुम्ही राहू द्या, तुम्हाला जमायचं नाही. नऊ वर्षं. एवढा मान की त्याखाली माणूस गुदमरावा.

आणि एवढ्या वर्षांत निवडुंग चौपट झाला. सासरे रोज टिकाव घेऊन जायचे, खणायचे, ढीग करायचे, वाळला की पेटवायचे. खणताना जे फडे तुटून इकडेतिकडे पडत, त्यांना मुळं फुटत. एका फड्यातून एक झुडूप. हे त्याने वाचलं होतं, औषध-दुकानदाराकडून खात्री करून घेतली होती, आणि चार महिन्यांपूर्वी गुरांच्या बाजारात, दहा माणसांच्या घोळक्यात, सासऱ्यांनी त्याच्या औषधाला ‘पडद्याला मारायचं अत्तर’ म्हटलं तेव्हा तो म्हणाला होता —

“बाबा, तुम्ही निवडुंग काढला कुठे? चाळीस वर्षं लावत आलात.”

घोळका खो खो हसला. सासरेही हसले, थोडे उशिरा. घरी आल्यावर त्यांनी टिकाव गोठ्याच्या मागे ठेवला तो पुन्हा उचलला नाही. औषधाचे डबे दुसऱ्याच आठवड्यात आले. मी जिंकलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही ती आनंदाने, असं मी बायकोला सांगितलं आणि तिने कूस बदलली.

पंप रिकामा झाला. तो परत भरायला हौदाकडे निघाला, आणि तेव्हा त्याला सासरे दिसले. दोन्ही हातांत बादल्या, उजवा पाय आखडलेला, गुरांच्या हौदापासून झाडापर्यंत. दर वीस पावलांवर बादल्या टेकवायच्या, गुडघा दाबायचा, पुन्हा उचलायच्या. आज बारावा दिवस. रोज आठ बादल्या.

तो जागीच थांबला. कारण काल दुपारी त्याने दुकानदाराला फोन केला होता, कुरणाच्या पार टोकाला, कुंपणापाशी उभं राहून.

“झाडापासून किती अंतर सोडलंत?” दुकानदाराने विचारलं होतं.

“सावलीइतकं. भरदुपारी गेलो, सावलीच्या कडेने निशाणं रोवली. आत एक थेंब पडू दिला नाही.”

“अहो, सावली कोण मोजतं? भरदुपारी तर ती सगळ्यांत लहान. मुळं तिच्या दुप्पट, तिप्पट लांब जातात. तुम्ही थेट मुळांवर घातलंत की!”

“मग आता?”

“आता काय, वाट बघा. हे औषध मातीत वर्ष-दोन वर्षं राहतं. कोरडं राहिलं तर झाड तगेलही. पाणी मात्र घालू नका. पाण्याबरोबर ते खाली उतरतं आणि मुळं ओढून घेतात.”

पाणी मात्र घालू नका. आणि समोर म्हातारा आठ बादल्या ओततो आहे.  काल संध्याकाळी सांगता आलं असतं. आज सकाळी चहाच्या वेळी सांगता आलं असतं, सासरे समोरच बसले होते, बशीत चहा ओतत. नुसतं ‘पाणी नका घालू’ एवढं म्हणायचं. मग ते विचारणार, का? मग... का-ला उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तरात बाजारातला घोळका होता, आणि पडदेवाला होता, ज्याने खिडकी मोजावी तसं झाड मोजलं.

वाईट म्हणजे, सासऱ्यांना जावयाचा संशयही नव्हता. महिन्यापूर्वी पहिली फांदी आखडली तेव्हाच त्यांनी स्वतःवर खापर फोडून घेतलं होतं. जाळानं मुळं भाजली, एवढंच ते पुटपुटले होते. त्यांनी खणलेला शेवटचा ढीग झाडाच्या पश्चिमेला पेटवला गेला होता, खरं. पण तो केवढा, हातभर! तेवढ्या जाळाने बोटभर माती तापली असेल. पूर्वीचे सासरे असते तर तेच म्हणाले असते. पण ज्याला चारचौघांत एकदा चूक ठरवलं, त्याला पुढची प्रत्येक चूक आपलीच वाटायला लागते. ते मी केलं. झाडाच्याही आधी ते केलं.

जेवायला घरात आला तेव्हा बायको खिडकीपाशी उभी होती. खिडकीतून झाड दिसायचं.

“बाबांना सांग ना रे,” ती म्हणाली. “गुडघा बघितलास? टोपलीएवढा सुजलाय. पाणी घालायचंच असेल तर नळी ओढून दे त्यांना.”

“नळी नको,” तो इतक्या घाईने म्हणाला की तिने वळून पाहिलं. “म्हणजे... पोचणार नाही तिथवर.”

“मग तू सांग, थांबा म्हणून. माझं नाही ऐकत. तुझं ऐकतात हल्ली.”

तुझं ऐकतात. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि थोडं आणखीही काही, जे तो त्या बाजारापासून टाळत आला होता. तिने ताट पुढे सरकवलं आणि सहज, मीठ मागावं तसं विचारलं, “तू तिथे फवारलंस तेव्हा अंतर सोडलं होतंस ना?”

“मोजून सोडलं.”

“मग झालं.”

यात एक शब्द खोटा नव्हता. त्याने घास घेतला.  ती समोर बसून जेवत होती, मधूनच खिडकीकडे बघत होती, आणि त्याला वाटलं, हिला माहीत आहे. मग वाटलं, छे, माहीत असतं तर ही बोलली असती, मनात ठेवायला ही बापाच्या वळणावर गेलेली नाही. मग वाटलं, नऊ वर्षांत हिने काय काय बोलायचं टाळलं ते तरी मला कुठे माहीत आहे. ती उठून हात धुवायला गेली. तो ताटातल्या उरलेल्याकडे बघत राहिला आणि ठरवून टाकलं. आता. हात धुवून सरळ जायचं, बसायचंही नाही, उभ्याउभ्याच — बाबा, झाड तुमच्या जाळाने नाही, माझ्या औषधाने जातंय, पाणी थांबवा. तीन तुकडे. पाठ करायलाही सोपे.

तो ते पाठ करतच चालला. बाबा, झाड तुमच्या जाळाने नाही. माझ्या औषधाने. पाणी थांबवा. ऊन डोक्यावर होतं, गुरं झाडाखाली दाटली होती, आणि सासरे खोडाला पाठ लावून बसले होते. एक बादली रिकामी, आडवी पडलेली. दुसरी भरलेली. चेहरा घामाने भिजलेला. त्याला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्याने नाही म्हटलं.

“बाबा,” तो म्हणाला. “झाड —”

“बसा जरा,” सासरे म्हणाले. “मलाच बोलायचंय. किती दिवस म्हणतोय, जीभच उचलत नाही.”

तो बसला. बसायचं नाही असं ठरलं होतं.

“तो ढीग मी इथे मुद्दाम पेटवला. कुंपणापाशी नेऊन जाळता आला असता. तुम्ही बाजारात बोललात, त्याचा राग होता. म्हटलं, आपली पद्धत शेवटची एकदा, ह्याच्या नाकासमोर.” ते मातीत बोट फिरवत राहिले. “आणि तुम्ही बोललात ते खरंच होतं. तेच झोंबलं. जन्मभर लावतच आलो मी, कुरण खाऊन टाकलं त्या काट्यांनी. पण हे झाडही माझ्याच हातून जावं...” त्यांचा आवाज फाटला. ते रडत होते. त्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो एका वासराच्या शेपटीकडे बघत राहिला.

“बाबा, तसं नाहीये ते,” तो म्हणाला. खरंच म्हणाला. आवाज मात्र इतका हळू निघाला की तो समजूत घातल्यासारखा वाटला.

“तू चांगला आहेस म्हणून म्हणतोस.” सासऱ्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. खरखरीत, ओला हात. “पोरीला नको सांगूस. पोटात ठेव. तिला वाटेल, म्हाताऱ्याने रागापायी झाड मारलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार मी? माझ्यामागे हे सगळं तुझंच आहे. मी तुला परका समजत आलो, वेडेपणा केला.”

बोल. पाठ केलंयस ना, बोल. तीनच तुकडे. माझ्या औषधाने, एवढं म्हटलंस तरी बाकीचं आपोआप येईल, आणि हा हात मनगटावरून उचलला जाईल, लगेच नाही, हळूहळू, आणि पुन्हा जावईबापू, पुन्हा राहू द्या, जमायचं नाही तुम्हाला... किंवा कदाचित तसं होणारही नाही, कदाचित म्हातारा पोट धरून हसेल, म्हणेल, सावली मोजलीस? — आणि हे दुसरंही शक्य आहे हे उमगल्यावर त्याला अधिकच लाज वाटली, कारण मग गप्प राहायला कसलं निमित्तच उरत नव्हतं.

“एवढी एक घाल,” सासरे म्हणाले आणि हनुवटीने भरलेली बादली दाखवली. “आज माझ्याने व्हायचं नाही.”

त्याने बादली उचलली. कडी बोटांत रुतली, पाणी हिंदकळून बुटावर सांडलं. पश्चिमेकडून एक वळलेलं पान गरगरत खाली आलं, आणखी एक आलं.

“कुठे घालू?” त्याने विचारलं.

आपणच हे विचारलं यावर त्याचा क्षणभर विश्वास बसेना. सासरे खोडाला धरून, तोल सावरत उभे राहिले, एक हात त्याच्या खांद्यावर टाकला, सगळं वजन त्याच्यावर सोडलं, आणि दुसऱ्या हाताने जमिनीतून वर आलेलं एक जाड मूळ दाखवलं. इथे. अगदी बुडाशी. सावकाश घाल, वाहून जाऊ देऊ नकोस.

त्याने बादली तिरपी केली नाही. खालीही ठेवली नाही. हात भरून आला होता, खांद्यावर म्हाताऱ्याचं ओझं होतं, तोंडात ते तीन तुकडे अजून जसेच्या तसे होते. सासरे वाट बघत होते. आणि त्याला बरं वाटत होतं. या घरात आल्यापासून इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.