तिसऱ्या रांगेतल्या शिव्या

पंचांच्या कानांना एका आवाजाची वर्षानुवर्षांची सवय होती. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसणारा टकल्या. बास्केटबॉलच्या मैदानावर पंचांनी शिट्टी फुंकली रे फुंकली, की हा उभा! "अरे आंधळ्या! चष्मा गहाण टाकलास काय?" त्याचं खरं नाव पंचांना ठाऊक नव्हतं, पण खोकला ओळखीचा होता. एका मोसमात तो आजारी पडला, तेव्हा पंचांना शिट्टी वाजवण्यात मजाच वाटेना.

बायको गेल्यापासून घरात भांडायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी फोनवर "बरोबर आहे तुमचं, बाबा" म्हणून विषय मिटवायची. हक्काने चूक काढणारा टकल्या एवढा एकच माणूस शिल्लक होता.

मग रिप्ले आला. शंका आली की पंचांनी टेबलावरच्या छोट्या पडद्यात बघायचं आणि लोकांनी छताला टांगलेल्या मोठ्या. निर्णय सुधारले, यात वाद नाही. वाद नाही, हेच तर दुखणं होतं. खेळाडू अंगावर धावून येईनात, प्रशिक्षक गुमान पाणी पिऊ लागले आणि टकल्या मान वर करून बसू लागला. आंधळ्याकडे कोण कशाला बघतो?

निवृत्तीच्या सामन्याला पंचांनी ठरवलं, आज एक तरी शिवी खाऊनच घरी जायचं.

शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. झटापटीत चेंडू रेषेबाहेर गेला. पंचांनी तो पाहुण्या संघाला दिला. टेबलावरच्या मदतनिसाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बघताय ना, सर?"

"नाही. मी बघितलंय."

पंचांनी पडद्याकडे पाठ फिरवली. आणि मग खांबाशेजारून, जरासा गंजलेला, पण तोच आवाज, "अरे आंधळ्या! डोळे आहेत की बटणं?"

पंचांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण मोठा पडदा कुणाला विचारून चालत नसे. त्याने चेंडू सावकाश दाखवला, पुन्हा दाखवला. यजमान खेळाडूचं नख शेवटी लागलं होतं, म्हणजे पंचांचा निर्णय बरोबरच होता. टकल्या खाली बसला.

सामना संपल्यावर तो बाहेरच्या बोळात थांबला होता.

"माफ करा हं, साहेब. उगाच बोललो."

"छे हो," पंच घाईघाईने म्हणाले, "मला काही दिसलंच नव्हतं. ठोकून दिलं."

"कसलं! पडद्यावर स्वच्छ दिसलं की."

"पडदाही चुकतो कधीकधी."

टकल्या समजूतदारपणे हसला.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाला, आणि खोकत खोकत पार्किंगकडे निघून गेला.