पान चारवरचा त्रिकोण

नानांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी पिंपळनेरच्या त्यांच्या शाळेत शोकसभा ठेवली. मुख्याध्यापक हितेंद्र सरांनी माझ्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका दिली. मुखपृष्ठावर माझ्या वडिलांचा, नानांचा फोटो आणि नाव, वर ‘त्रिकोणमितीच्या सोप्या युक्त्या’.

"पाचशे छापल्या, शीतलताई. नानांची आठवण म्हणून. आज दहावीच्या मुलांना वाटल्यासुद्धा."

पान चारवर काटकोन त्रिकोण होता, तळाच्या एका कोनावर खूण. खाली ठळक अक्षरांत: उभी बाजू म्हणजे संमुख बाजू, आडवी म्हणजे लगतची.

एकतीस वर्षं नाना याच चुकीशी भांडत होते. मुलांच्या चुका ते वहीत टिपून ठेवत. त्यातली एक नोंद मला पाठ आहे: ‘मूल कोन पाहत नाही, चित्र पाहतं. दोष माझा. मी फळ्यावर त्रिकोण नेहमी एकसारखाच काढतो.’ त्यानंतर ते त्रिकोण तिरपे, उलटे काढू लागले आणि मुलं माना वाकड्या करून बघू लागली.

"सर, हे चूक आहे. संमुख म्हणजे कोनाच्या समोरची. ती उभीच असेल असं कुठंय?"

"पेपरात आकृती सरळच येते, ताई. पोरं पास होतात ना!"

"मग तुमचं नाव टाका. नानांचं कशाला?"

ते समजूतदारपणे हसले. "दुःखात माणूस बारीकसारीक धरून बसतो."

बोलायची पाळी आली तेव्हा लिहून आणलेला कागद मी पर्समध्येच ठेवला.

"पान चार काढा. आता पुस्तिका आडवी धरा. कोन तोच आहे. त्याच्या समोरची बाजू कोणती?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी, सरिता, उठली आणि अहिराणीत म्हणाली, "मॅडम, ती ते आते आडवी व्हई गई! मंग पुस्तकमा उभी कसं लिखेल शे?"

"तुमच्या सरांना विचार."

मुलं खदखदून हसली. हितेंद्र सर तडक उठले आणि पुस्तिका परत घेऊ लागले. सरिता आपली देईना.

"मले राहू द्या ना सर. भाऊले चूक दाखाडसू."

मी तिच्या हातातून पुस्तिका घेतली, नानांचा फोटो असलेलं मुखपृष्ठ फाडून घेतलं आणि बाकीची तिला परत दिली.