कुरकूर सोडलेली सँड्रा

सँड्राचा डावा गुडघा बाहेर फेकला जातोय हे मला चिंचोटीचं वळण घेतल्यावर दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. वर्षभर या मुलीकडून मी एकच गोष्ट घोटून घेतली होती, गुडघा आत ठेव. आणि आज, नेमक्या आजच्या दिवशी, तो दारासारखा उघडमीट करत होता.

मार्च महिना होता, साल नव्याण्णव. मुलींच्या सायकल शर्यतीतून ठाणे जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. माणिकपूरहून निघायचं, चिंचोटीवरून कामणच्या पुढे जायचं, रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि आल्या वाटेनं परत यायचं. पहिल्या दोघी संघात. पुढच्या वर्षी सँड्रा वयात बसणार नव्हती, म्हणजे आज निवड झाली तर झाली, नाहीतर तिची शर्यत कायमची संपली. आणि मी? माणिकपूरच्या शाळेत बारा वर्षं खेळ शिकवून माझी एकही मुलगी जिल्ह्याच्या संघात गेली नव्हती. लेझीम मात्र बसवून बसवून हात दुखले होते.

आघाडीवर तिघी होत्या. विरारची क्षितिजा, कल्याणची एक लाल टोपीवाली उंच मुलगी आणि आमची सँड्रा. बाकीच्या बऱ्याच मागे पडल्या होत्या. शिकवणाऱ्यांना गाडीवरून मागे यायला परवानगी होती. बोलायला हरकत नव्हती, पण मुलीला किंवा तिच्या सायकलीला हात लावला की मुलगी बाद. त्यावर लक्ष ठेवायला मोटरसायकलवर दिनानाथ सर होते, तोंडात शिट्टी धरून. या माणसानं मागल्या वर्षी सख्ख्या पुतणीला बाद केलं होतं, तेव्हा माझा मुलाहिजा राखण्याचा प्रश्नच नव्हता.

मी माझी कायनेटिक स्कूटर तिच्या शेजारी घेतली.

"सँड्रा, गुडघा."

गुडघा आत आला आणि चार पायडलं मारून पुन्हा बाहेर गेला.

"पाय दुखतोय का?"

"नाही, बाई."

"नक्की?"

"हो, बाई. ठीक आहे."

मी मागे राहिले. ठीक आहे म्हणते, तर ठीक असेल. महिनाभर ती हेच म्हणत होती आणि महिनाभर मी त्यावर खूश होते. कारण त्याआधी या पोरीइतकी कुरकुरी मुलगी मी पाहिली नव्हती. सीट टोचते, पाणी कोमट आहे, वारा जातानाही समोरून आणि येतानाही समोरूनच कसा, कुत्रं मागे लागलं, गिअर खरखरतो. आगाशीपर्यंत सराव करून परत आलो की माझे कान किटलेले असायचे. मग फेब्रुवारीच्या मध्यात एकाएकी सगळं बंद झालं. विचारलं की ठीक आहे. मी अंतर वाढवलं, तरी ठीक आहे. दादरहून कडक तळाचे शर्यतीचे बूट आणवले, पायाला चपखल बसणारे, तेही ठीक आहे. शिस्त लागली, असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवलं होतं.

शर्यतीच्या सायकलीच्या पायडलवर बुटाचं टोक अडकवायला एक लोखंडी कडं असतं आणि त्यातून चामड्याचा पट्टा ओवलेला असतो. बक्कल ओढलं की पाय पायडलला बांधला जातो. पट्टा करकचून ओढ, पाय आणि पायडल एक झालं पाहिजे, हे मीच तिला शिकवलं होतं. ती तसंच करत होती.

कामणला तिची आई मटिल्डाबाई आणि वडील अँथनी टेम्पो लावून उभे होते. एरवी त्या टेम्पोतून केळी आणि अबोली बाजारात जायची. आज पाण्याच्या बाटल्या होत्या. तिथे बाटली द्यायला मुभा होती. मटिल्डाबाई साडी सावरत दहा पावलं धावल्या, सँड्रानं बाटली घेतली, पण आईकडे पाहिलं नाही. मी गाडी थांबवली.

"मटिल्डाबाई, हिच्या पायाला काय झालंय?"

"आज बरा नाही काय?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "रोज रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसते. बोटं सुजतात, चवड्याला आग होते. एक नख काळं पडलंय."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मी म्हटलं तिला, बाईंना सांग. तर म्हणते, उपवासकाळ चाललाय, नाही सांगणार."

"उपवासाचा आणि पायाचा काय संबंध?"

अँथनी मध्ये पडले. "बाई, आमच्यात ईस्टरपर्यंत जो तो काहीतरी सोडतो. मी दारू सोडतो, हिनं मटण सोडलंय. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर म्हणाले, जे सोडायला सगळ्यात जड जातं ते सोडा. तर सँड्रानं कुरकूर सोडली. एक शब्द काढत नाही घरात. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि त्या दिवशी कुरकूर वाढते, कमी होत नाही. बारा वर्षं या मुलींना शिकवत होते, शुक्रवारी डब्यात मटण नसतं एवढं मला माहीत होतं. राग कोणाचा आला ते ठरवायला वेळ नव्हता, तिघी लांब गेल्या होत्या. मी कायनेटिक पिळली.

कामणच्या पुढे दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्या दारात ट्रकच्या रांगा. मी पिंपाजवळ पोचले तेव्हा क्षितिजा वळून परत येत होती, तिच्या मागे लाल टोपी. सँड्रा वळायला आली. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या पायावर घ्यायचा असतो. तिनं डावं पायडल खाली नेलं आणि त्यावर भार दिलाच नाही, द्यायचा कुठे ते तिला कळलं नसावं. सायकल सरकली, पुढचं चाक थरथरलं आणि उभ्या ट्रकच्या मागच्या फाळक्याला तिचा खांदा घासून गेला. कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस दोन पावलं मागे हटला. ती सावरली, पुन्हा लाल टोपीच्या मागे लागली.

मी शेजारी गेले. आवाज खाली ठेवायचा ठरवलं होतं, जमलं नाही.

"मला सगळं कळलंय. आईनं सांगितलं. आता खरं बोल. उपवासात खोटं चालतं का तुमच्यात?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. तिला लागलं होतं ते बोलणं.

"खोटं नाही बोलले, बाई. आधी दुखत होतं, तेव्हा दुखत नाही म्हटलं, तेवढं खोटं. पण आता खरंच दुखत नाहीये. कामणच्या अलीकडे थांबलं."

"थांबलं म्हणजे?"

"पायच कळत नाहीये. आहे की नाही ते."

पाय दुखतोय म्हणजे पाय जिवंत आहे. तो गप्प झाला तर पट्ट्याखाली रक्त अडलंय. आणि अशा पायानं ही मुलगी पुढे चिंचोटीचा उतार उतरणार होती, ट्रकांच्या गर्दीत, जिथे क्षणात पाय सोडवून जमिनीवर टेकावा लागतो.

"पट्टा सैल कर."

ती वाकली आणि बक्कल ओढायला लागली. सायकल रस्त्याच्या मध्याकडे झुकली. मागून ट्रकनं हॉर्न दिला. तिनं झटकन हात हँडलवर आणला.

"निघत नाही, बाई. घामानं बसलाय. राहू दे."

"मग थांब."

"त्या जातील."

"जाऊ देत."

"दोघींनाच घेणार आहेत, बाई."

हे ती कुरकुरीच्या सुरात बोलली नाही. नुसतं मला आठवण करून देत होती, जणू मी विसरले होते. मी काहीच विसरले नव्हते. लाल टोपीवाली दमली होती, तिची पाठ डुलायला लागली होती, ते मला दिसत होतं. सँड्रा अशीच मागे चिकटून राहिली असती तर माणिकपूरच्या अलीकडे तिनं तिला टाकलं असतं. क्षणभर मी तिला तशीच जाऊ द्यायला तयार होते. मग त्या ट्रकचा फाळका आठवला.

"थांबतेस की गाडी आडवी घालू?"

मी घातली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोदामाच्या भिंतीला उजवा हात टेकून ती थांबली. उजवा पाय जमिनीवर, डावा पायडलला बांधलेला. मी गाडीवरून उतरून तिच्याकडे निघाले आणि मागे मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. दिनानाथ सर माझ्या हातांकडे बघत होते.

मी हात पाठीमागे घेतले आणि एकात एक अडकवले.

सँड्रा वाकून बक्कल उचकटत होती. नखं सरकत होती. एक हात लांबीवर मी उभी होते, माझ्या हातात ते बक्कल एका झटक्यात सुटलं असतं. समोर क्षितिजा आणि लाल टोपी वळणाआड गेल्या. सँड्रानं त्यांना जाताना पाहिलं आणि तिची बोटं आणखीच गडबडली.

"पट्ट्याचा नाद सोड," मी म्हटलं. "नाडी सोड. बूट राहू दे पायडललाच, पाय बाहेर काढ."

तिनं नाडी सोडली आणि दोन्ही हातांनी घोटा धरून पाय उपसला. मोजा काढला. बोटं पांढरीफटक पडली होती आणि पावलावर पट्ट्याचा खोल वळ उमटला होता. दिनानाथ सरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"बोटं हलव."

हलली नाहीत. ती बघत राहिली, आपल्या पायाकडे नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाकडे बघावं तशी. "चोळ," मी ओरडले. "दोन्ही हातांनी चोळ." ती चोळत होती आणि मी हात पाठीमागे आवळून उभी होते, मनात तिच्या आणि माझ्या, दोघींच्या देवांची नावं घेत. मग अंगठा हलला. पाठोपाठ पावलाला रंग चढायला लागला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. रक्त परत येतं तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. तिनं ओठ दातांत धरला, पण आवाज काढला नाही.

"दुखतंय?"

तिनं मान हलवली, हो. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला हायसं वाटलं.

तिनं रस्त्याकडेचा दगड घेऊन बक्कल ठोकलं. पट्टा सुटला. बूट घातला, नाडी नुसती ओवली. मी सांगितलं, "चवड्यावर जोर देऊ नकोस, पाऊल जरा पुढे सरकव. पट्टा मोकळाच ठेव. बोटं सारखी हलवत राहा." तिनं ऐकून घेतलं आणि निघाली.

मला वाटलं होतं, संपलं. पण ती अशी सुटली की कायनेटिकला दम लागला. कामणला अँथनी हात हलवत होते, तिनं पाहिलंही नाही. चिंचोटीचा उतार तिनं धडपणे घेतला, डावा पाय जागच्या जागी. हमरस्ता ओलांडल्यावर लांबवर लाल टोपी दिसली. मग ती जवळ आली. मी मागून ओरडत होते, काय ते आता आठवत नाही. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरचे रिक्षावाले बाहेर येऊन उभे होते. त्यांच्यासमोर सँड्राचं पुढचं चाक लाल टोपीच्या मागच्या चाकाला भिडलं, बरोबरीला आलं, आणि तेवढ्यात खडूची रेघ आली.

क्षितिजा पहिली. लाल टोपी दुसरी, एका चाकानं.

सँड्रा चर्चच्या कुंपणाला टेकून खाली बसली. मी जवळ गेले. विचारलं, "पाय?"

"ठीक आहे, बाई."

आणि मग, "थांबले नसते तर दुसरी आले असते ना?"

काहीतरी गुळमुळीत सांगता आलं असतं. पडली असतीस, काय सांगावं, वगैरे. पण तिनं मला खरं विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "न पडता पोचली असतीस तर आली असतीस."

तिनं मान हलवली आणि ती रडायला लागली. टेम्पो येऊन थांबला. मटिल्डाबाई उतरून लगबगीनं आल्या. तोवर सँड्राला कंठ फुटला होता. ऊन असं होतं, रस्ता असा होता, ट्रकवाले मेले, पट्टा भिकार, बूट भिकार, बूट पहिल्या दिवसापासून लहान होते, अंगठा त्यात दुमडावा लागत होता.

"सँड्रा," मटिल्डाबाई हळूच म्हणाल्या, "ईस्टर व्हायचाय अजून."

"बोलू द्या तिला," मी म्हटलं.

सँड्रानं नाक पुसलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आणि तुम्ही, बाई. मी एवढी बडबडी, आणि महिनाभर गप्प होते. तुम्ही एकदासुद्धा म्हणाला नाहीत, बूट काढ, पाय दाखव."

ते खरं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचा डावा पाय मांडीवर घेतला आणि बूट काढला.