खोडलेलं पान

"कोरी नाहीये ती. नीट बघा," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी उत्तरपत्रिका टेबलावरून काचवाल्याकडे सरकवली.

काचवाल्याने हात विजारीला पुसले. काम सोडून तसाच आला होता. बोटांच्या बेचक्यांत अजून पुट्टी होती. त्याने एकेक पान उलटलं. समास आखलेला, प्रश्नांचे क्रमांक ओळीने टाकलेले, आणि प्रत्येक क्रमांकापुढे स्वच्छ पांढरी जागा. मध्येच तीन उदाहरणं सोडवलेली होती. अक्षर मोत्यासारखं, एक काना इकडचा तिकडे नाही.

"जे लिहिलंय ते सगळं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण बारापैकी तीनच. बाकीचा वेळ ही पोरगी पेन हातात धरून बसून असते. मी स्वतः पाहिलंय. घरी अभ्यास कोण घेतं हिचा?"

"मीच घेतो," काचवाला म्हणाला. शाळेत येईपर्यंत त्याला या गोष्टीचा अभिमान होता.

"कसा घेता?"

त्याला सांगणं भाग पडलं. आधी मनात सगळं सोडवायचं, मग शाईने लिहायचं. खाडाखोड झाली की पान फाडायचं आणि पहिल्यापासून नव्याने लिहायचं. तो स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. त्यापुढे त्याला जे काही आलं ते दुकानात आलं, आणि दुकानातला पहिला नियम हाच. काचेवर हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाने, रेघ एकदाच ओढायची. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हात फिरवला की काच भलतीकडेच तडकते आणि हिरकणीही बोथट होते. तीस वर्षांत त्याने कधी दुसऱ्यांदा हात फिरवला नव्हता. आपल्याजवळ पोरीला देण्यासारखं तेवढंच आहे असं त्याला वाटे, आणि ते त्याने तिसरीपासून रोज सकाळी पाच वाजता उठवून तिला दिलं होतं.

बाईंनी उत्तरपत्रिका मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "नववीला दोन प्रकारचं गणित आहे, पूर्ण आणि साधं. साधं गणित घेतलं तर ती आरामात पास होईल. मी तेच सुचवीन."

"आणि मोजणीचा अभ्यासक्रम?"

"तो साध्या गणितावर मिळत नाही. तिला माहीत आहे ते."

माहीत होतंच. दहा वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर लोकांच्या खिडक्या मोजत हिंडली होती. पुढे जमीन मोजायची, नकाशे काढायचे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि भेटेल त्याला सांगूनही ठेवलं होतं. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आठवीत आली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि तिची चालही तशीच होती: हळू, पण सरळ.

"वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा, बाई," काचवाला म्हणाला.

"थांबते. पण निदान आठ उदाहरणं लिहिलेली दिसू देत. चुकली तरी चालतील. मला तिच्या चुका बघायच्यात हो. चुकाच दिसल्या नाहीत तर मी दुरुस्त काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी नेहमीसारखी वही उघडून बसली, तेव्हा तो म्हणाला, "आजपासून खाडाखोड करायची."

तिने बापाकडे संशयाने पाहिलं. "पान कोण फाडणार?"

"कुणी नाही फाडणार. चुकलं की रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं."

"बरं," ती म्हणाली आणि अर्धा तास पेन हातात धरून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. आठवडाभर बसली. सहा वर्षांची सवय एका वाक्याने थोडीच जाते. काचवाला भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राही. एके दिवशी ती ओठ हलवत मनातल्या मनात समीकरण सोडवत होती; तिच्या कपाळावरची शीर त्याला दिसली.

तो उठला. तिची जुनी वही आणि दुकानातली काचेवर खुणा करायची जाड मेणाची पेन्सिल घेऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसला.

"यातलं पहिलं कुठलं? वाच."

"सात क्ष वजा तीन, कंसात क्ष वजा पाच, बरोबर सत्तावीस. तुम्ही करणार?"

"का? मला हात नाहीत?"

त्याने बराच वेळ घेतला. क्ष म्हणजे न मोजलेली खिडकी असं त्याने मनाशी धरलं होतं. उत्तर आलं साडेदहा. मुंगीने पुस्तकाची मागची पानं उघडली.

"तीन आहे."

"पुस्तक चुकलं असेल."

"पुस्तक नाही चुकलं. वजा तीन गुणिले वजा पाच अधिक होतं ना. तुम्ही वजाच ठेवलंय."

त्याने पानावर तिरकी, जाडजूड काळी रेघ ओढली. मुंगीने अंग चोरलं, जणू आता कुणीतरी रागावणार. कुणी रागावलं नाही. त्याने खाली पुन्हा मांडलं. या वेळी साडेपाच आलं.

"साडेदहावरून साडेपाच," तो म्हणाला. "उतरतंय. तापासारखं."

मुंगी हसली. सहामाहीचे गुण कळल्यापासून पहिल्यांदाच. आतून तिची आई म्हणाली, "अहो, पोरीचा अभ्यास घेताय की तिच्याकडून घेताय?" ती दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर लिहायची, दिवसभर लोकांना नाव, वय विचारून तिच्या बोलण्याला धार आली होती.

"किती वेळा झालं?" त्याने मुंगीला विचारलं.

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा बघू."

तिसऱ्यांदा तीन आलं. मुंगीने मेणाची पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात फिरवली आणि आपल्या वहीत दुसरं उदाहरण लिहायला घेतलं. चौथ्या ओळीत ती चुकली. बापाकडे न बघता तिने त्यावर रेघ मारली. रेघ अगदी बारीक होती, पट्टीने आखल्यासारखी. पण होती.

वार्षिक परीक्षेत तिने नऊ उदाहरणं लिहिली. त्यांतली चार चुकली. बाईंनी काचवाल्याला बोलावून घेतलं आणि पेपर पुढे ठेवला. "बघा, काय सुंदर चुका आहेत," त्या म्हणाल्या. "आता मला कळलं ती कुठे अडते ते. घेऊ दे पूर्ण गणित. पण रोजची सकाळ सोडायची नाही."

सकाळ कुणीच सोडली नाही. पुस्तक एकदा संपवायचं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचं, असा शिरस्ता पडला. नववीचं पुस्तक तीनदा झालं. पहिल्यांदा खोडलेल्या पानांनी दोन वह्या भरल्या, दुसऱ्यांदा एक, तिसऱ्यांदा अर्धी. एकरूप त्रिकोण काचवाल्याला पटकन कळले, कारण एका मापाची दोन तावदानं कशी ओळखायची हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. अवयव पाडताना मात्र तो घामाघूम होई. "हे पाडायचे कशाला? चांगलं एकत्र नांदतंय," तो म्हणे. "तिसऱ्यांदा बघू" हे वाक्य घरभर झालं. आईची शिवण उसवली तरी तेच, दाराची कडी बसली नाही तरी तेच.

दहावीत वर्गसमीकरणं आली आणि काचवाला मागे पडला. त्याने दोन आठवडे जिवाचं रान केलं, मग एका सकाळी पेन्सिल खाली ठेवली. "तू हो पुढे," तो म्हणाला. तरी रोज पाच वाजता तिच्याशेजारी बसायचं त्याने सोडलं नाही. ती लिहायची, तो पानं मोजायचा.

आणखी एक गोष्ट त्या वर्षी झाली, ती मात्र त्याने घरात सांगितली नाही. त्याचा उजवा अंगठा थरथरू लागला होता. आधी थंडीत, मग केव्हाही. मोठ्या काचांची कामं तो दुसऱ्या दुकानांकडे पाठवू लागला. लहान तावदानंही कधी कधी अर्ध्या रेघेवर हात डळमळून वाया जात. ते तुकडे तो कामाच्या फळीखालच्या खोक्यात टाकी आणि वर पोतं पसरी. बायकोने एकदा जेवताना त्याच्या हाताकडे पाहिलं. "दवाखान्यात येऊन दाखवा एकदा. केसपेपर मी फुकट लिहीन," ती म्हणाली. "बघू. पोरीची परीक्षा होऊ दे," तो म्हणाला.

परीक्षेआधीच्या सराव पेपरात मुंगी पुन्हा अडकली. एका उदाहरणापुढे वीस मिनिटं तशीच बसली आणि पुढची तीन राहून गेली. घरी येऊन तिने पेपर जमिनीवर ठेवला.

"पुन्हा तसंच झालं, बाबा. वाटलं, चुकलं तर."

काचवाल्याने कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात आठवीपासूनच्या वह्या होत्या. एकेक काढून त्याने तिच्यापुढे उघडून ठेवली, खोलीभर, दारापर्यंत. सगळीकडे तिरक्या रेघा. पहिल्या पहिल्या बारीक आणि भेदरलेल्या; पुढे पुढे झपाट्याने ओढलेल्या, कागद फाटेल अशा.

"एवढ्या वेळा चुकलीस," तो म्हणाला. "काय झालं?"

आई दारात पाय कुठे ठेवावा हे न कळून उभी होती. "काही नाही झालं," ती म्हणाली. "फक्त मला आत यायला जागा नाही."

गणिताच्या परीक्षेला काचवाल्याने दुकान बंद ठेवलं आणि फाटकासमोरच्या फुटपाथवर उभा राहिला. शेवटची घंटा झाली. मुली थव्याथव्याने बाहेर पडल्या. मुंगी अगदी शेवटी आली, पॅड छातीशी धरून. चेहऱ्यावरून काही कळेना.

"एक आयत होता," घराकडे चालताना ती म्हणाली. "लांबी रुंदीपेक्षा सातने जास्त. कर्ण तेरा. रुंदी किती?"

"पाच," काचवाला म्हणाला.

ती थांबलीच. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाच, बारा आणि आडवं तेरा. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायला आम्ही कर्णच मोजतो. तुझं किती आलं?"

"पहिल्यांदा साठचं वर्गमूळ आलं. कंसाचा वर्ग करताना मधलं पद विसरले. अख्खं पान खोडलं. परत मांडलं तर चिन्ह चुकलं. तेही खोडलं. पर्यवेक्षक येऊन माझ्या पेपरात डोकावून गेले, काय चाललंय म्हणून." ती चार पावलं चालली. "मग तिसऱ्यांदा बघितलं. पाच."

काचवाल्याने तिच्या हातातलं पॅड आपल्या हातात घेतलं.

निकालाच्या दिवशी मुंगी एकटीच शाळेत गेली. गणितात शंभरापैकी अडुसष्ट होते; मोजणीच्या अभ्यासक्रमाला साठ लागत. बाईंनी गुणपत्रिका देताना तिची पाठ थोपटली. "तुझ्या बाबांना सांग, मी थांबले होते," त्या म्हणाल्या. ती तिथून तडक दुकानात आली.

काचवाला पाठमोरा होता. फळीवर दवाखान्याच्या खिडकीचं तावदान होतं, मधोमध तडकलेलं. त्याने चाहूल लागताच खोकं पायाने आत सारलं, पण पोतं घसरलं होतं. मुंगीने वाकून पाहिलं. खोकं काठोकाठ भरलं होतं. वरचे तुकडे आजचे होते. त्यांवर धूळ नव्हती. मग तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याने हात खिशात घातला.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. खिशातला हात त्याने डोळ्यांपर्यंत नेला आणि पुन्हा खाली घेतला.

तिने गुणपत्रिका फळीच्या कडेला ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी गुण्या ठेवला. तडकलेलं तावदान उचलून खोक्यात टाकलं. काचा उभ्या ठेवायच्या मागच्या घोडीवरून नवी काच काढली, फडक्याने पुसली, फळीवर आडवी घातली.

"बाबा, किती वेळा झालं?"

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो काचेकडे बघत राहिला.

"तीनदा," तो म्हणाला.

"मग चौथ्यांदा बघू."

तिने माप घेतलं, दोन ठिकाणी मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि पट्टी दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरली. काचवाल्याने खिशातून हात काढला. हिरकणी उचलून काचेच्या वरच्या कडेला टेकवली. टोक काचेवर बारीक वाजत होतं. ते वाजायचं थांबेपर्यंत दोघंही थांबले.