पाय बांधलेल्या कोंबडीचं माप

हबीब मिस्तरीचं दुकान शहाद्यात कुणीही दाखवेल. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत वळलात की ठिणग्या उडताना दिसतात, तेच ते. ट्रॉल्या, दारं, जिने, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, सगळं त्याच्या हातचं. त्याने जोडलेला सांधा हलतो असं कुणी म्हणालं, की हा माणूस सायकल काढून त्याच्या घरी जाणार, सांधा तपासणार आणि मग भांडणार. पण एका कामाचं नाव काढलं की त्याची बोलतीच बंद व्हायची. ते काम म्हणजे चुनीलालभाईंच्या कोंबड्यांचे पिंजरे.

चुनीलालभाईंचं शेत प्रकाशा गावाच्या रस्त्याला. पुढे केळी, बाजूला ऊस आणि मागे अंड्यांच्या कोंबड्यांची लांबलचक शेड. सोळा वर्षांपूर्वी ही शेड बांधली तेव्हा ते हबीबला म्हणाले होते, मिस्तरी, बाहेरून कशाला आणायचे, पिंजरे तूच कर. हबीबने जन्मात कधी कोंबडीचा पिंजरा केला नव्हता, पण नाही म्हणेल तो हबीब कसला! मापाला एक कोंबडी पाठवा, एवढंच त्याने सांगितलं. कोंबडी आली, ती बाजारात नेतात तशी, दोन्ही पाय सुतळीने बांधलेली. त्याने ती तशीच टेबलावर ठेवली. बिचारी पंख अंगाशी घेऊन गोळा होऊन बसली. याने लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली आणि एका खणात चार कोंबड्या बसवल्या. असे हजार खण. इतक्या कमी लोखंडात एवढं काम झालं म्हणून चुनीलालभाईंनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. सुतळी सोडून एकदा बघावं, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. अहो, शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाला हात वर करायला लावतो.

ही चूक त्याला कळली ती तीन वर्षांपूर्वी, पाण्याचा नळ जोडायला शेडमध्ये गेला तेव्हा. मधल्या रांगेतली एक कोंबडी पंख उघडू बघत होती. अर्धा उघडला, जाळीला अडला, शेजारणीच्या तोंडावर आपटला. तिने तो मिटला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. हबीब हातातला पाना विसरून बघत राहिला. तिची नखं वाढून जाळीच्या तारेला वेढा घालून बसली होती. त्याला ती सुतळी आठवली. त्या दिवसापासून घास तोंडाशी नेला की ती कोंबडी डोळ्यांसमोर यायची. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, मुलगा जुबेर रोज म्हणायचा, अब्बा, आता दुकान माझ्यावर सोडा. हबीबच्या मनात एकच होतं. दुकान सोडायच्या आधी त्या कोंबड्या त्या मापातून बाहेर काढायच्या.

आणि नवा नियम आला. एका कोंबडीला किती जागा हवी हे सरकारने ठरवून दिलं. जुन्या शेडना काही वर्षांची मुदत होती, पण चुनीलालभाईंना शेड वाढवायची होती, त्यामुळे तपासणी आधी झाली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हेमांगी आल्या, टेप लावली आणि म्हणाल्या, या खणात चार बसत नाहीत, तीनच ठेवा. सोमवारी पुन्हा येते.

चुनीलालभाईंनी हबीबला बोलावलं. खणामागे एक, म्हणजे हजार कोंबड्या बाहेर काढायच्या. त्या अक्कलकुव्यावरून गुजरातेत जाणाऱ्या गाडीत भरून विकून टाकाव्यात असं त्यांचं मत होतं. हबीब म्हणाला, विकू नका. तुमची केळीची वखार रिकामी पडली आहे, तिथे जमिनीवर सोडू. बसायला दांड्या मी करून देतो, मजुरी घेणार नाही. चुनीलालभाईंना हे वेड वाटलं, पण फुकटच्या वेडाला कोण नाही म्हणतं? म्हणाले, कर बाबा, पण जबाबदारी तुझी.

चार दिवस हबीब तरुण असल्यासारखा राबला. वखार धुऊन घेतली, नवापूरहून भाताचं तूस आणून पसरलं, पाइपाच्या दांड्या उभ्या केल्या. शेडवर अंडी गोळा करायला धनुबाई होती, डोंगराकडच्या गावातली, दहा वर्षं कोंबड्यांत उभी. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शनिवारी तिला राहवलं नाही, अहिराणीत म्हणाली,

"चाचा, जाळीवर वाढेल शेतस या. यासले जमीन माहीत नही. दहा-दहा सोडा."

दहा-दहा सोडायच्या म्हणजे तीन महिने जायचे, आणि सोमवारी डॉक्टरबाई येणार. पण खरं सांगायचं तर सोमवार हे निमित्त होतं. तीन वर्षं वाट बघितलेल्या माणसाला अजून एक दिवस थांबवत नव्हतं. जाळीवर वाढल्या म्हणून काय, कोंबडीला जमीन शिकवावी लागते का, असं म्हणून त्याने धनुबाईला हसण्यावारी नेलं.

रविवारी सकाळपासून कोंबड्या बाहेर निघाल्या. कितीतरी जणींची नखं तारेतून कापून सोडवावी लागली. दुपारपर्यंत हजार पक्षी वखारीत आले आणि हबीब दारात उभा राहून बघू लागला. आता पळतील, पंख झाडतील, तूस उकरतील, असं त्याला वाटत होतं.

एकही हलली नाही. जिथे ठेवली तिथे उभी. काही तर पाय मुडपून बसल्या आणि बसल्याच. मग हळूहळू त्या एकमेकींकडे सरकल्या आणि खांद्याला खांदा लावून चार-चार, पाच-पाच जणी चिकटून उभ्या राहिल्या. एवढी मोठी वखार, पण कोंबड्या सगळ्या भिंतीकडेला. मधली जमीन मोकळीच. दांडीवर एकही चढली नाही. होईल, होईल, दोन दिवसांत शिकतील, असं हबीब स्वतःशीच म्हणत राहिला.

तेवढ्यात त्याची नजर शेवटच्या दांडीवर गेली. हात लावून पाहिला तर सांधा हलत होता. झालं! सांधा हलतो म्हणजे हबीब मिस्तरीच्या अंगाला खाज सुटणार. धनुबाई म्हणाली, राहू दे आता, चाचा. पण डॉक्टरबाई उद्या येणार आणि माझी दांडी हलणार? त्याने वेल्डिंगचं मशीन आत घेतलं. आग लागू नये म्हणून तूस बाजूला सारलं, ओलं पोतं अंथरलं, पाण्याची बादली जवळ ठेवली. सगळी काळजी घेतली. मग काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढला आणि ठिणगी पाडली.

मुखवट्यातून वेल्डिंगवाल्याला एक हिरवा ठिपका दिसतो, बाकी अंधार. मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. धनुबाई ओरडत होती ते त्याला कळलं नाही. तिने येऊन खांदा धरून ओढलं तेव्हा त्याने मुखवटा वर केला.

वखार रिकामी दिसत होती. समोरच्या कोपऱ्यात मात्र कमरेइतका पांढरा ढीग होता. वेल्डिंगचा पांढरा उजेड भिंतींवर नाचला तशा हजार कोंबड्या एका कोपऱ्यात शिरल्या होत्या, एकीवर एक, एकीवर एक. वरच्या धडपडत होत्या. खालचा आवाज बंद झाला होता. हबीब आणि धनुबाई दोन्ही हातांनी ढीग उपसत सुटले. वरच्या काढून फेकल्या तर त्या परत ढिगाकडेच येत होत्या. खालच्या गरम होत्या आणि त्यांच्या माना लोंबत होत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा चारशे बारा मेलेल्या भरल्या. वखारीच्या मागे खड्डा खणून पुरल्या. हबीब खड्ड्याच्या काठावर बसून लहान मुलासारखा रडला.

वखारीत उरलेल्या कोंबड्या चुनीलालभाईंनी सोमवारी पहाटेच गाडीत भरून पाठवल्या. मग डॉक्टरबाई आल्या. प्रत्येक खणात तीन कोंबड्या होत्या. त्यांनी टेप लावली, मोजलं, नियमाप्रमाणे आहे असं लिहून सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. हबीब कोपऱ्यात उभा होता. त्या निघताना तो पुढे आला आणि म्हणाला, "मन्ही चूक शे, ताई. पाय बांधेल कोंबडीनं माप लिधं व्हतं मी." डॉक्टरबाई थांबल्या. कोणतं माप, कधीचं, हे त्यांना कुठून कळणार? आता सगळं ठीक आहे, चाचा, असं समजुतीने सांगून त्या गाडीत बसल्या.

चुनीलालभाई काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी हबीबला चहा पाजला, चारशे कोंबड्यांचा विषयसुद्धा काढला नाही. नव्या शेडचे पिंजरे नव्या मापाने तूच कर, म्हणाले. हबीब खाली मान घालून म्हणाला, पिंजरे नकोत, लहान पिल्लं आणा, पहिल्या दिवसापासून जमिनीवर वाढवू, ती शिकतील. चुनीलालभाईंनी कपबशी खाली ठेवली.

"मिस्तरी, जमीनवर सोड्यात त्या मरी गयात. पिंजरामा ऱ्हायन्यात त्या जित्या शेतस. आते तूच सांग."

मेलेल्या हबीबने स्वतःच्याच हातांनी पुरल्या होत्या. त्याने कपातली साय बोटाने बाजूला काढली. मग म्हणाला, बरं. फक्त एक कोंबडी आणून द्या मला. पाय बांधू नका.

धनुबाईने शेडमधून एक काढून आणली आणि ओट्यावर अलगद ठेवली. ती पंख अंगाशी घेऊन गोळा होऊन बसली. हबीबने खिशातून टेप काढली आणि शेजारी टेकला. उघड, बाई, एकदा पंख उघड, सगळी जागा तुझीच आहे, असं तो पुटपुटत होता. चुनीलालभाई दोनदा आत जाऊन आले. केळीच्या बागेतलं पाणी एका चारीतून दुसऱ्या चारीत वळवलं गेलं. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. धनुबाई पदर तोंडाला लावून उभी होती. कोंबडी बसल्या जागेवरून तसूभर हलली नाही.

शेवटी हबीबने टेप लावली. लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. सोळा वर्षांपूर्वीचंच माप आलं.