दांडी तुटलेला कप

म्या काय कुणाचा खून केलेला न्हाय. पण त्या दिवसापासनं सकाळचा चहा घशाखाली उतरत न्हाय, हे खरं हाय.

परंड्याजवळ आमची खव्याची भट्टी हाय. मथुराबाई तिथं चौदा वर्षं कढईपुढं उभी राहिली. पहाटेपासनं दूध ढवळायचं, खाली लागू द्यायचं न्हाय. कुठंच तिचं नाव लिहिलेलं न्हाय, हजेरी न्हाय, कागद न्हाय. कुणी विचारलं की आमचे हे म्हणायचे, "घरचीच हाय की ती! घरच्या माणसाची कसली हजेरी?" मलाबी ते ऐकायला गोड वाटायचं. वा गं बाई, केवढं मोठं मन आमचं!

घरची खरी, पण तिचा कप निराळा. दांडी तुटलेला, पडवीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. मथुराबाई बौद्ध. रीत सासूबाईंनी घालून दिलेली, आन मी बारावी शिकलेली बाई, मुकाट पाळत आले. वरनं चहा ओतायचा, किटली कपाला लागू द्यायची न्हाय. तिनं आटवलेला खवा मात्र कुर्डुवाडीपर्यंत जायचा, आमच्या सणालाबी तोच. खव्याला काय व्हायचं न्हाय, कपालाच सगळं व्हायचं.

दिवाळीच्या तोंडावर कढई कलंडली आन उकळतं दूध तिच्या उजव्या हातावर आलं. कढईचा कान हलतोय, असं तिनं दोनदा सांगितलं होतं. आमी 'बघू' म्हणलो होतो. दवाखान्यात आमी सांगितलं, घरी चुलीवर भाजलं. जखम भरली, पण बोटं एकमेकांना चिकटली. सोलापूरचे डॉक्टर म्हणले, लवकर ऑपरेशन केलं तर हात उघडंल. मग तिच्या भाच्यानं, प्रसेनजितनं, कामगार खात्यात अर्ज दिला. ती आमची कामगार ठरली, की ऑपरेशन आमच्या गळ्यात, आन भट्टीवरच्या बाकीच्या बायांचीबी चौकशी.

चौकशीला खात्याचा साहेब यायच्या आदल्या दिवशी म्या तिला समजावलं. "घरोबा हाय म्हणावं, येऊन-जाऊन असते म्हणावं. हात तुझ्याच घरी भाजला. आन मला मालकीण म्हणू नको, वहिनी म्हण. भट्टी बंद पडली तर तुझ्या लेकीला, प्रीतीला, कोण ठेवणार कामावर?"

धमकीच होती ती. फक्त गोड बोलून दिली.

साहेब आला, पोरगेलासाच. पडवीत खुर्च्या मांडल्या, मथुराबाईलाबी एक दिली. अंग चोरून बसली बिचारी.

"मावशी, न घाबरता सांगा. तुम्ही इथं कामाला होता?"

"न्हाय साहेब. घरोबा हाय आमचा. वहिनी मला घरच्यावानी बघत्यात."

आमच्या ह्यांचा जीव भांड्यात पडला. "अगं, चहा आण की!"

म्या फुलाफुलांचे चार कप ट्रेमध्ये मांडून आणले, संगं किटली. चहा ओतून साहेबाला दिला, ह्यांना दिला. मग मथुराबाईकडं वळून म्हणले, "धर." ती खुर्चीवरनं उठली, कोनाड्यातला कप डाव्या हातानं काढला, खाली उकिडवी बसली आन कप पुढं केला. म्या वरनं चहा ओतला. आपण काय केलं ते दोघींनाबी कळलं न्हाय. चौदा वर्षांची सवय ती.

साहेबाचा कप तोंडापाशीच थांबला. त्यानं रिकामी खुर्ची बघितली, ट्रेमधले उरलेले दोन रिकामे कप बघितले.

"मावशी, घरोबा आहे म्हणता. मग कप निराळा कसा?"

आमचे हे फरशीकडं बघत बसले. तिनं एक शब्द काढला असता, तर तिचा हात उघडला असता. तिनं माझ्याकडं बघितलं आन चक्क हसली.

"त्या नाजूक कपांची भीती वाटती, साहेब. ह्या हातानं फुटायचे. वहिनींनी लई आग्रह केला, मीच नको म्हणले."

एवढं तर म्या शिकवलंबी नव्हतं.

साहेबानं पुन्हा विचारलं. "व्हय, तसंच लिहा," म्हणली. त्यानं कागद पुढं केला. उजवा अंगठा धड टेकंना, म्हणून डाव्याचा ठसा घेतला.

फाटकापाशी त्याची गाडी लवकर चालू होईना. चार किका मारल्या त्यानं. दहा पावलांवर होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. लाज वाटत होती मला. तरी तोंड उघडलं न्हाय. गाडी गेली.

मथुराबाईनं नळाखाली कप धुतला, कोनाड्यात पालथा घातला. मग पदराआड हात लपवून म्हणली, "मालकीण, उद्यापासनं यू का? डाव्या हातानं ढवळीन."

तिचे पाय धरायचे होते मला. म्या म्हणले, "ये. पण जरा लवकर ये, सवय व्हायला येळ लागंल."

"लई उपकार झाले बघा," ती म्हणली, आन ते तिनं मनापासनं म्हणलं.